फेब्रुवारीचे तीनशे

आमच्या पगारातून व्यवसाय कर अकरा महिने 200 रुपयांनी कापतात आणि फेब्रुवारीत 300. महिना सगळ्यांत आखूड, कात्री सगळ्यांत लांब. आमच्या औंढ्यात फेब्रुवारी म्हणजे बहुतेक वर्षी महाशिवरात्रीचा महिना. नागनाथ एका बेलपानावर भागवून घेतो, सरकारला शंभर रुपये जादा लागतात.

कारण थेट राज्यघटनेत सापडतं. कलम 276 प्रमाणे हा कर वर्षाला 2500 च्या वर घेता येत नाही. भागिले बारा, म्हणजे 208 रुपये 33 पैसे. हा 33 पैशांचा घोळ कोणा विद्वानाच्या जिवाला लागला असणार. त्यानं सगळी बाकी फेब्रुवारीच्या डोक्यावर घातली आणि अडीच हजार काठोकाठ भरले. एवढ्या नेटानं केलेला दुसरा सरकारी हिशेब आमच्या पाहण्यात नाही.

हा कर 1975 साली बसला तो रोजगार हमीसाठी. पगारदारानं द्यायचा, सरकारनं तितकीच भर घालायची आणि खेड्यात काम मागेल त्याला मजुरी मिळायची. कल्पना झकास. 2024-25 साली रोजगार हमीचा आपल्याकडचा दर होता दिवसाला 297 रुपये. म्हणजे त्या फेब्रुवारीच्या तीनशेत एका मजुराचा अख्खा दिवस बसत होता, वर तीन रुपये उरत होते. या तीन रुपयांनी आमची झोप उडवली आहे. त्यांत अर्धा चहा येत नाही. बहुधा कामाच्या अर्जाची पोच छापायला ठेवले असतील, म्हटलं. पण पोच तर कोणाला मिळतच नाही!

न मिळण्याचंही शास्त्र आहे. 2005 च्या केंद्राच्या कायद्यात लिहिलं, की मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. त्यात मजुरी दिल्लीची, भत्ता मात्र राज्याच्या खिशातून. झालं! पोच दिली की तारीख पडते, तारीख पडली की पंधरा दिवस मोजावे लागतात, मोजले की खिशात हात घालावा लागतो. म्हणून पोचेचं पुस्तक संपलेलं असतं, शिक्का कपाटात, किल्ली साहेबांकडे आणि साहेब मीटिंगला. नामदेवासाठी इथलं देऊळ फिरलं म्हणतात, मजुरासाठी किल्ली फिरत नाही. मागणी तोंडी राहते, कागदावर कोणी बेकारच नसतो, आणि ज्याच्या नावाची पोच फाडायची तो बिऱ्हाड, म्हातारी, लेकरं ट्रॅक्टरमध्ये घालून कधीच ऊसतोडीला गेलेला असतो. बरं, भत्ता तरी केवढा? पहिले तीस दिवस निदान मजुरीचा चौथा हिस्सा, त्या 297 च्या दरानं 74 रुपये 25 पैसे. आमच्या तीनशेत चार दिवसांचा भत्ता बसत होता आणि पुन्हा तीन रुपये उरत होतेच!

33 पैशांसाठी घटना उघडून बसणाऱ्यांना एका कागदावर तारीख टाकता येत नाही? कर कापताना कधी शिक्का कपाटात राहिला नाही, की साहेब मीटिंगला गेले नाहीत. ही निव्वळ लबाडी आहे.

तेव्हा काम मागायचं ते लेखी मागा, आणि तारीख घातलेली पोच हातात पडल्याशिवाय दारातून हलू नका. पैसे आम्ही आधीच भरलेत.