भिजत घोंगडं

आमच्या सोसायटीच्या बैठकीत एक शब्दप्रयोग करायला बंदी आहे. ठराव झालेला नाही, पण पाळतात सगळे. गेल्या पावसाळ्यात खजिनदार बोलून गेले, "पुनर्विकासाचं भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं?" आणि अण्णा उभे राहिले. "घोंगडं असं सहजी भिजत नाही," इथून त्यांनी सुरुवात केली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेते तरी हाताला कोरडी लागते, ओल घेताना उलट थोडी ऊब सोडते, म्हणून तर मेंढका खोळ घेऊन भर आषाढात रानात उभा राहतो, इथपर्यंत ते पोचले तेव्हा गणसंख्या उरली नव्हती. पुनर्विकास अजून तिथंच आहे.

अण्णा मूळचे माणदेशातले, म्हसवडकडचे. पुण्यात गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पलंगावर बारमाही एक काळं घोंगडं असतं, खड्डामागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. नवं होतं तेव्हा ते भिंतीला न टेकता उभं राहायचं, असं काकू सांगतात.

लोकरीला नाव ठेवलं की अण्णांना स्फुरण चढतं. मी एकदा म्हणालो, "टोचतं हो."

"टोचणारच! 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीला टोचतो. मेरिनोचा 20 च्या आसपास, म्हणून ती मऊ. पण मेरिनो कुरणात चरते. आमची दख्खनी मेंढी बाभळीच्या शेंगा खाऊन कोसच्या कोस चालते. तिनं मऊ कशाला राहायचं?"

पण त्याच दमात ते हेही सांगतात, की आता कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, म्हणून मेंढपाळ कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. हे सांगताना मात्र त्यांचे हात हलत नाहीत.

मे महिन्यातही घोंगडं? "ऊब देणं हा लोकरीचा गुणच नव्हे. अडवणं हा गुण!" हे सिद्ध करायला त्यांनी बर्फाचा तुकडा घोंगड्यात गुंडाळून दोन तास ठेवला. सोडला तेव्हा बराचसा शाबूत होता. त्याचं सरबतही केलं. सरबतात केस होते. ते अण्णांनी एकट्यानं प्यायलं.

सगळ्यात गाजली ती शालींची परीक्षा. निवृत्तीनंतर त्यांचे अकरा सत्कार झाले. घरी आल्यावर प्रत्येक शालीच्या दशीतून एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. वितळून त्याची टणक गोळी झाली, की प्लॅस्टिक. केस जळल्याचा वास आला आणि काडी दूर करताच धागा विझला, की लोकर. अकराही गोळ्या त्यांनी काडेपेटीत जपून ठेवल्यात. "अकरा सत्कार झाले, एकही खरा नव्हता," म्हणतात. अकराव्या वेळी त्यांना घरी पोचेपर्यंत धीर निघाला नाही. व्यासपीठावरच, अध्यक्षांच्या शेजारी बसून, त्यांनी काडी ओढली. बारावा सत्कार झालेला नाही.

परवा कळलं, घोंगड्याला कसर लागली. मी सांत्वनाला गेलो. अण्णा गॅलरीत घोंगडं उजेडासमोर धरून भोकं मोजत होते. सतरा. चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही.

"नायलॉनला कधी कसर लागलेली पाहिलीय? तोंडच लावत नाही कोणी त्याला! मेंढीच्या लोकरीत प्रथिन असतं, तुमच्या केसांत असतं तेच. किड्याला कळतं, अस्सल काय ते."

"किड्याला कळतं," आतून काकूंचा आवाज आला, "पण उन्हात घाला म्हणून मी चैत्रापासून सांगतेय ते कळत नाही. डांबरगोळ्या आणायचं तर केव्हापासून भिजत..."

अण्णा घोंगडं खाली करून सावकाश वळले.

"राहिलंय," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "राहिलंय नुसतं."