उंदराचे बदली कामगार

शाळेच्या पुस्तकात प्रत्येक अवयवाला ठरलेली जागा असते. अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडाच्या माथ्यावर, दोन बाजूंना दोन, विषय संपला. उंदराने मात्र ते पुस्तक वाचलेलं नाही.

१८५५ साली लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी या ग्रंथी बिघडलेल्या रुग्णांचं वर्णन केलं: अंगात त्राण नाही, कातडी काळवंडलेली, शेवट ठरलेला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार यांनी कुत्री, ससे, गिनी पिग यांच्या दोन्ही ग्रंथी काढल्या. प्राणी मेले. या ग्रंथींवाचून जगणं नाही, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. तेवढ्यात फिलिपो नावाच्या संशोधकाने पांढरे उंदीर पुढे केले. ग्रंथी काढल्या, तरी काही उंदीर खुशाल जगले. झालं, वाद पेटला.

खरे तर दोघांचीही निरीक्षणं चुकीची नव्हती. गर्भात या ग्रंथीचा बाहेरचा थर घडतो तो जननग्रंथींच्या शेजारी. मग सगळे आपापल्या मुक्कामाला सरकताना त्या थराचे चार कण मागे सांडतात. कुणी मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत, कुणी आणखी खाली. एरवी हे कण गिरणीच्या फाटकाशी बसलेल्या बदली कामगारांसारखे: कुणी विचारत नाही. मुख्य ग्रंथी गेली, की मेंदूखालच्या पियूषिकेकडून हाकांवर हाका येतात, तिचं संप्रेरक रक्तात वाढतं आणि टाचणीच्या डोक्याएवढे हे कण फुगून कामाला लागतात. ज्या उंदराकडे असे कण पुरेसे, तो तरतो.

ज्याच्याकडे नाहीत, त्याचीही सोय निघाली. ग्रंथी गेल्यावर लघवीवाटे मीठ वाहून जातं. १९३६ साली बाल्टिमोरच्या कर्ट रिक्टर यांनी अशा उंदरांना खाऱ्या पाण्याची मुभा दिली. ते खारं पाणी भरपूर प्यायले आणि जगले. आहारतज्ज्ञाची फी वाचली, ती वेगळीच.

आजही शस्त्रक्रियेनंतर जाणते संशोधक उंदराच्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरोन, म्हणजे याच ग्रंथीच्या बाहेरच्या थराचं संप्रेरक, मोजून बघतात. दोन्ही ग्रंथी समोर बशीत पडलेल्या असल्या, तरीही.