जास्वंद कुठेकुठे चढवावी?
(नवशिक्या पॅटर्न डिझायनरांसाठी मॉकअपची सोपी मार्गदर्शिका)

अभिनंदन! तुमचा पहिला पॅटर्न तयार झाला. जास्वंदीची फुलं, मध्ये पानं, मागे फिकट पिवळा रंग. आता तो पोर्टफोलिओत टाकायचा. पण नुसताच टाकला तर बघणारा पॅटर्नच बघेल, आणि धोका नेमका तिथेच आहे. म्हणून मॉकअप. कप, उशी, पडदा, वही यांच्या तयार फोटोवर आपलं डिझाइन चढवायचं, की कधीच न छापलेला माल दुकानात आल्यासारखा दिसतो. पुढच्या सहा पायऱ्या क्रमाने पाळा.

पायरी १ : सोफा निवडा
मोफत मॉकअप शोधा. पहिल्याच पानावर राखाडी सोफा, त्यावर पांढरी उशी, शेजारी कुंडीत मॉन्स्टेरा आणि भिंतीवर खिडकीची तिरपी सावली असं चित्र सापडेल. तेच घ्या. पोर्टफोलिओ चाळणाऱ्या बाईंनी हा सोफा सकाळपासून तीन जणांकडे पाहिलेला असतो, त्यामुळे त्यांना परकं वाटत नाही. सोबत परवान्याची फाइल येते. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं काहीबाही त्यात असतं. ती उघडायची नसते.

पायरी २ : स्मार्ट ऑब्जेक्ट टाळा
फोटोशॉपमध्ये मॉकअप उघडलं की लेयरच्या यादीत स्मार्ट ऑब्जेक्ट दिसतो. त्याच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक केलं की वेगळी फाइल उघडते. तिच्यात डिझाइन ठेवून सेव्ह केलं की मूळ फोटोतल्या उशीवर ते आपोआप चढतं, सावल्यांसकट. पण एवढा खटाटोप कशाला? डिझाइन थेट फोटोवर पेस्ट करा आणि कोपरे ओढून बसवा. उशीला मध्ये खळगा असेल, कडेला चुण्या असतील. जास्वंद मात्र कडक इस्त्री केल्यासारखी सपाट राहील. चुणीबरोबर फूलही वळावं म्हणून डिस्प्लेसमेंट मॅप वापरतात आणि कापडाच्या सावल्या डिझाइनमधून दिसाव्यात म्हणून ब्लेंड मोड मल्टिप्लायवर ठेवतात. कोणी खोडी काढलीच, तर ‘हा मिनिमल लुक आहे’ म्हणा.

पायरी ३ : जागा भरेपर्यंत ताणा
साध्या कॉफी मगची उंची साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास. त्यावर वीस सेंटीमीटरचं फूल बसवा. एक पाकळी येईल, अर्धा तुरा येईल आणि बाकीचं फूल मगच्या कानामागे जाईल. तेच डिझाइन पडद्यावर इतकं बारीक करा की लांबून नुसता गुलाबी रंग दिसावा. एकच फूल मगवर पंजाएवढं आणि पडद्यावर नखाएवढं का, असं कोणी विचारलं तर १९६४ सालचं ‘उनिक्को’ पुढे करा. फिनलंडच्या मारिमेक्कोसाठी माइया इसोला यांनी काढलेली ती भलीमोठी पॉपीची फुलं जगभर गाजली. तिथे मोठं माप हाच डिझाइनचा प्राण होता, कोपरा ओढताना माउस घसरल्याने ते आलेलं नव्हतं. एवढा तपशील गाळा.

पायरी ४ : जोड लपवा
पॅटर्न म्हणजे एकच टाइल चारी बाजूंनी पुन्हा पुन्हा लावत जाणं. साध्या रिपीटमध्ये टाइलशेजारी टाइल येते. हाफ-ड्रॉपमध्ये शेजारची उभी रांग टाइलच्या अर्ध्या उंचीने खाली सरकते, म्हणून फुलांच्या आडव्या ओळी डोळ्यात खुपत नाहीत. तुमच्या टाइलच्या उजव्या कडेला अर्धं पान कापलं गेलंय आणि डाव्या कडेला त्याचा उरलेला अर्धा भाग नाहीच. घाबरू नका. उशीवर बरोबर एकच टाइल बसवा, म्हणजे जोड येणारच नाही. पडद्यावर तो चुणीत ढकला. टेबलक्लॉथवर जोडाच्या जागी बशी ठेवा. फक्त सपाट टाइल कुठेही दाखवू नका. ती दाखवली की सगळं बिंग फुटतं.

पायरी ५ : दिशेचा विचार करू नका
डिझाइनमध्ये मोर असेल तर आणखी मजा. वर-खाली ठरलेलं कापड बेतताना सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड जास्त लागतं. शिंपी हे कात्री हातात घेण्याआधी बोलून दाखवतो. मॉकअप बोलत नाही. कुर्त्याच्या पाठीवर मोर उभा, बाहीवर आडवा आणि कॉलरवर शीर्षासनात असला, तरी फाइल मुकाट्याने सेव्ह होते.

पायरी ६ : कलेक्शन उभं करा
जाणकार मंडळी कलेक्शनमध्ये एक मुख्य प्रिंट ठेवतात, त्यातलेच रंग घेऊन दोन-तीन साथीच्या प्रिंट करतात आणि जोडीला साधे पट्टे किंवा ठिपके देतात. उशीवर फुलं आली की पलंगपोसावर पट्टे घेता येतात. तुम्ही मात्र एकच जास्वंद चौदा वस्तूंवर चढवा : योगा मॅट, छत्री, मोबाइलचं कव्हर, न्हाणीघराचा पडदा, कुत्र्याचा पट्टा. नाव ठेवा ‘द हिबिस्कस स्टोरी’. शेवटी कापडी पिशवीवर एखाद्या नामांकित ब्रँडचा लोगो टाका. ‘हे सरावासाठी केलेलं काम आहे’ अशी ओळ खाली लिहायला हवी, पण लेआउटमध्ये जागाच उरत नाही.

शंकासमाधान

प्रश्न : छपाईच्या कारखान्यातून फोन आलाय. ‘रिपीट किती? रंग किती?’ असं विचारतायत. काय सांगू?
उत्तर : प्रसंग बाका आहे. रोटरी छपाईत स्क्रीन म्हणजे बारीक जाळीचं नळकांडं असतं. त्याचा घेर सहसा ६४ सेंटीमीटर, म्हणून टाइलची उंची ६४, ३२, १६ अशी, त्यात पूर्ण पटीने बसणारी लागते. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन आणि प्रत्येक स्क्रीनचा वेगळा खर्च. तुमची टाइल २७ सेंटीमीटरची आहे आणि छटा धरून रंग भरतात ४१. डिजिटल छपाईत स्क्रीन लागत नाहीत, तिथे हे निभावलं असतं. पण फोन करणाऱ्याकडे रोटरी मशीन आहे. रेंज गेली म्हणून सांगा.

प्रश्न : मॉनिटरवर दिसणारा झगझगीत गुलाबी कापडावर तसाच उतरेल ना?
उत्तर : मॉनिटरवर प्रकाश असतो, कापडावर रंग. सुती कापडावर तो बहुतेक वेळा मंदच दिसतो. छापून पाहिल्याशिवाय खरी छटा कळत नाही. म्हणून छापून पाहू नये.

प्रश्न : काही जण एका पॅटर्नला दोनच मॉकअप लावतात. शेजारी सपाट टाइल, रिपीटचं माप, रंगांच्या चौकटी आणि मीटरभर कापड खरंच छापून घेऊन त्याचा फोटो. किती रुक्ष दिसतं ते पान! हे त्यांना कोणी सांगत कसं नाही?
उत्तर : आम्ही सांगायला गेलो होतो. त्यांचा फोन सारखा बिझी लागतो.