इतकी वर्षं चाललंय ना?

मस्कतमध्ये जुनी ऑटोमॅटिक पजेरो बाळगणाऱ्या मराठी माणसाला दोन बाबतींत न मागता सल्ला मिळतो. एक मुलाच्या बारावीबद्दल, दुसरा गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल. बारावीवर दहा जणांची दहा मतं असतात. ऑइलवर मात्र विलक्षण एकी. "इतकी वर्षं चाललंय ना? मग कशाला हात लावतोस?"

शेजारचे सांगलीचे काका या पंथाचे कट्टर अनुयायी. जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतो, हे त्यांचं ठाम मत, आणि बसलेल्या गिअरबॉक्सांची यादी त्यांना पाठ आहे. यादीत एक गोष्ट नसते. ऑइल बदलायची बुद्धी त्या मालकांना झाली, तेव्हा त्यांच्या गाड्या 'डी' टाकल्यावर क्षणभर विचार करून मग निघत होत्या. रोगी शेवटच्या घटका मोजायला लागल्यावर डॉक्टरला बोलवायचं आणि मग डॉक्टरचा पायगुण वाईट म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

इंजिनातलं ऑइल वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमधलं ऑइल गाडी ओढतं. इंजिन टॉर्क कन्व्हर्टरमधली एका बाजूची पाती फिरवतं, ती ऑइल समोरच्या पात्यांवर फेकतात आणि गाडी हलते. आतल्या क्लच प्लेटा दाबून धरतं तेही ऑइलच. शर्कियाच्या वाळूत चाकं मुंगीच्या गतीनं सरकत असतात आणि इंजिन बोंबलत असतं. या दोन वेगांतल्या तफावतीची सगळी उष्णता ऑइलच्या डोक्यावर. म्हणून तर पजेरोत त्याच्या तापमानाचा वेगळा दिवा दिलाय. शुक्रवारी-शनिवारी फक्त लुलू हायपरमार्केटपर्यंत जाणाऱ्या गाडीचं ऑइल आणि वाळूत रुतून बाहेर आलेल्या गाडीचं ऑइल एका वयाचं नसतं, एवढं काकांना पटायला हरकत नव्हती.

(1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या ऑइलमध्ये स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल घालत. अमेरिकेनं देवमाशाला संरक्षण दिलं आणि रसायनवाल्यांची धावपळ उडाली. हे काकांना सांगितलं नाही. ते शाकाहारी आहेत.)

शेवटी गाडी वादी कबीरच्या गॅरेजात नेली. तिथल्या मल्याळी मेकॅनिकनं, चेट्टननं, आधी डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवली. नवं ऑइल डाळिंबाच्या रसासारखं लाल, इथे पडला तो चहाचा डाग. मग नाकाशी धरली. "जला नहीं, बुड्ढा हुआ." पॅनचे बोल्ट एका कोपऱ्याकडून ढिले करत त्यानं ऑइल हळूहळू घमेल्यात सोडलं. पॅन खाली आल्यावर तळाशी लोहचुंबकाला राखाडी लोण्यासारखा थर. त्यानं तो अंगठा आणि तर्जनीत चोळून उजेडात धरला. मऊ असेल तर वयाची झीज. किरकिरला किंवा चकाकला, तर खर्चाची तयारी. आमचा मऊ निघाला. फिल्टर म्हणजे धातूची बारीक जाळी. जुनी गेली, नवी आली. पॅनची कड मात्र तो इतका वेळ पुसत बसला की चहा निवला. गळती इथूनच सुरू होते, असं त्याचं म्हणणं.

भरल्यावर माप घ्यायचं तेही गाडी गरम, सपाट जागी, इंजिन चालू. लिव्हर पी पासून एल पर्यंत प्रत्येक घरात थांबवत न्यायचा, परत एन मध्ये आणायचा आणि मगच डिपस्टिक काढायची. थंड गाडीचं माप खोटं.

पैसे घेताना चेट्टन म्हणाला, हजारेक किलोमीटरनं परत ये. पॅन उतरवून साधारण निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये दडून बसतं. दुसऱ्या खेपेला जुनं पाव उरतं, तिसऱ्या खेपेनंतर अर्धपाव. म्हणजे कितीही वेळा बदललं तरी थोडंफार मूळचं आत राहणारच.

हे ऐकून काकांना बरंच हायसं वाटलं.