वाघाच्या दरात पक्षी

नागपूर व भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या, २०१२ साली घोषित झालेल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पवनीच्या बाजूने शिरणाऱ्या काटकसरी पक्षीनिरीक्षकाला पहिला धडा असा मिळतो की, पक्षी फुकट दिसत असले तरी त्यांच्यापाशी थांबण्याचे भाडे वाघाच्या दराने मोजावे लागते. खर्च वाटून घेण्यासाठी तो ज्या जिप्सीत बसतो, तिच्यातील इतर पर्यटकांना २०१६ साली बेपत्ता झालेल्या ‘जय’ वाघाचे वारसदार पाहायचे असल्याने, सागाच्या वाळक्या फांदीवरून झेपावत निळे पंख उघडणारा नीलपंख हा वाटेतील अडथळा ठरतो. आणि चितळाने ‘कॉल’ दिला, म्हणजे धोक्याची हाक घातली, की गाडी धुरळा उडवत सुटते व दुर्बीण गळ्यातच लोंबकळत राहते.

हे जंगल शुष्क पानगळीचे, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळून पाणी वाचवणाऱ्या वृक्षांचे आहे; येथे वर्षावनही नाही आणि उत्तुंग पर्वतही नाहीत. मात्र लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांकाठी वीण करणारा चक्रवाक, म्हणजे नारिंगी रंगाचे मोठे बदक, हिवाळ्यात पवनीजवळच्या वैनगंगा नदीच्या पात्रात उतरतो आणि पर्वतप्रवासाचा सारा खर्च स्वतःच सोसतो. काठावरून त्याचे दर्शन विनाशुल्क होते, परंतु ज्या दर्शनाची पावती फाटत नाही, त्याला सहल मानण्याची प्रथा अद्याप रूढ झालेली नाही.