भाऊ रिव्हॉल्व्हर घेतात

राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात उसाचं बिल, प्लॉटच्या व्यवहारातलं कमिशन आणि पांढरी गाडी या तीन गोष्टी एकाच वर्षात आल्या, की माणसाला आपली कंबर मोकळी वाटू लागते. आमच्या भाऊंना ती २०२३च्या दिवाळीत वाटली.

भाऊंनी आयुष्यात गोफणीशिवाय काही चालवलेलं नाही. गोफणीचा दगडही बहुतेक वेळा मागच्या माणसाकडे जायचा, म्हणून ज्वारी राखायच्या कामावरून त्यांना लहानपणीच काढून टाकलं होतं. पण सोसायटीच्या ओट्यावर पुढारी मंडळी जमली, की त्यातला एखादा बसता बसता सदरा जरा वर सरकवतो, चामड्याचं पाऊच दिसतं आणि मग त्याचं बोलणं सगळे कान देऊन ऐकतात. भाऊंचं कोणी ऐकत नाही. दुखणं एवढंच. औषध मात्र त्यांनी बत्तीस बोरचं ठरवलं.

पहिली अडचण शत्रूची आली. परवाना जिल्हाधिकारी देतात, त्याआधी पोलिसांचा अहवाल जातो आणि त्यात जिवाला धोका आहे की नाही, हे लिहावं लागतं. भाऊंच्या जिवावर उठावं असं कोणालाच वाटत नव्हतं. त्यांनी अर्जात बिबट्या लिहिला. बिबट्या खोटा नाही. मुळा-प्रवरेच्या काठाला रात्रीचं पाणी धरायला जाणारा माणूस बॅटरी आणि काठी घेऊनच जातो. पण कचेरीबाहेरच्या टायपिस्टाने चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, बिबट्याला १९७२च्या कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारणार म्हणून तुम्ही सहीनिशी लिहून देताय." बिबट्या खोडला गेला.

मग भाऊ बांधावरच्या चुलत्याकडे गेले. बांधाचं भांडण तीस वर्षांचं, निदान त्याचा तरी उपयोग व्हावा. "तात्या, एकदा चार माणसांत धमकी द्या ना." तात्या तंबाखू मळत म्हणाले, "तुला मारून मला काय मिळणार? बांध तर मी आधीच कोरलाय." शेवटी जमिनीच्या व्यवहारात रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागतं, हे कारण कामाला आलं. ते खरंही होतं. म्हणूनच बहुधा भाऊंना ते सगळ्यात शेवटी सुचलं.

आता कोणतं घ्यायचं? इथे प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. एकाने छातीठोकपणे सांगितलं, नऊ एमएम घ्या. ते बोर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, हे त्याच्या गावी नव्हतं. दुसऱ्याने विलायती वेब्ली सुचवलं. परदेशी शस्त्रं खासगी माणसाला आणायची बंदी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून आहे, त्यामुळे आजोबांच्या वयाचं वेब्ली लाखांत जातं. तिसरा हळू आवाजात म्हणाला, "मध्य प्रदेशातून गावठी कट्टा आणू, कागद-बिगद काही नाही." या एका बाबतीत भाऊंचं डोकं ठिकाणावर राहिलं, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. कट्टा हातात धरून फोटो टाकणारी पोरं स्थानिक गुन्हे शाखेच्या गाडीतून जाताना त्यांनी पाहिली होती.

पुतण्याने मोबाइलवर 'निर्भीक' दाखवलं. कानपूरच्या कारखान्याचं, वजन ५०० ग्रॅम, जानेवारी २०१४मध्ये बाजारात आलं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये. भाऊ खूश. मग पुतण्याने पुढची ओळ वाचली: खास महिलांसाठी, दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीत. भाऊंचा चेहरा उतरला. वहिनी मात्र आतून म्हणाल्या, "पेटी चांगली दिसतेय. पाटल्या ठेवायला होईल."

शेवटी प्रकरण रिसालदारांकडे गेलं. गाव त्यांना सुभेदार म्हणतं आणि ते दर वेळी दुरुस्त करतात, कारण रणगाड्यांच्या दलात सुभेदार नसतो. नगरच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात त्यांनी पोरं घडवली, निवृत्तीनंतर बारा बोर घेऊन बँकेच्या दारात उभे राहिले. ती बंदूक गावात कोणी पाहिलेली नाही.

"आधी एअर पिस्तूल घे," ते म्हणाले. "पॉइंट वन सेव्हन सेव्हनचं, वीस जूलच्या आतलं. त्याला लायसन लागत नाही. सहा महिने दहा मीटरवर कागद फोड."

"ते छऱ्याचं? जत्रेत फुगे फोडायला?"

"राही सरनोबत काय फुग्यांवर आशियाई सुवर्ण घेऊन आली? तीही रोज कागदच फोडते." रिसालदारांनी चहा संपवला. "बरं, घ्यायचंच तर रिव्हॉल्व्हर घे. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की नवशिक्याला वाटतं, रिकामं झालं. एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असते आणि घरात अपघात होतो तो तिच्यानेच. रिव्हॉल्व्हर उघडलं की सगळी घरं डोळ्यांना दिसतात. आणि हलकं मागू नकोस. हलकं हत्यार खिशाला बरं, हाताला जास्त झटका देतं."

भाऊंनी यातलं 'रिव्हॉल्व्हर घे' एवढंच ऐकलं.

परवाना आला आणि आम्ही पुण्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने खटका दाबून कानपूरचं बत्तीस बोर मधोमध मोडलं. ते असंच वरून उघडतं. नळी खाली झुकते, चक्रातली चांदणी वर उचलली जाते आणि रिकामी काडतुसं बाहेर पडतात. सहाही घरं मोकळी असल्याचं दाखवून त्याने ते भाऊंच्या हातात दिलं. भाऊ घोडेगावच्या बाजारात खोंड बघतात तसे बघायला लागले. वजन तोललं, मूठ थोपटली, दोन पावलं मागे जाऊन ठेवण पाहिली.

"घरं किती?"

"सहा."

"म्हणजे सहादाती." मग शेजारच्या पिस्तुलाकडे बोट करून, "आणि हे?"

"मॅगझिनमध्ये आठ बसतात."

"जुळलेलं नको. म्हातारं निघायचं."

एवढं झाल्यावर दात बघायचेच राहिले म्हणून की काय, भाऊंनी एक डोळा मिटून नळीत पाहिलं. चापावर बोट होतं. दुकानदाराने साठीच्या वयात टेबलावर झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं, नळी जमिनीकडे वळवली आणि बोट एकेक करून सोडवलं. "साहेब, रिकामं असलं तरी भरलेलं समजायचं. गोळी मारायची नसेल तोवर बोट चापाच्या बाहेर." मग भाऊंनी पिस्तुलाची काडतुसंही मागितली, दोन्हीवर बत्तीसच लिहिलंय म्हणून. दोन्ही वेगळी असतात आणि एकाची दुसऱ्यात चालत नाहीत, हे समजावताना तो दमला.

शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं, असं २०१६च्या नियमांत आहे. भाऊंनी ते घेतलं होतं, म्हणजे प्रमाणपत्र घेतलं होतं. त्या दिवशी दहा मीटरवरच्या कागदावर त्यांनी सहा गोळ्या झाडल्या आणि कागद तसाच कोरा राहिला. घोडा न चढवता चाप ओढला की तो जड लागतो, नळी खाली जाते. शिकवणाऱ्याने तीनदा सांगितलं. भाऊंच्या मते कागद लहान होता.

रिव्हॉल्व्हर कमरेला लागून आठवडा झाला नसेल, तोच १५ ऑक्टोबर २०२४ला विधानसभेची आचारसंहिता लागली. परवानाधारकांपैकी कोणाचं शस्त्र जमा करायचं, हे छाननी समिती ठरवते. भाऊंना नोटीस आली. मला वाटलं, हिरमुसतील. भाऊ नोटीस घेऊन थेट ओट्यावर. सरकारला त्यांची धास्ती वाटते, हे पहिल्यांदाच कागदावर आलं होतं. त्या दिवशी चार लोकांनी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. रिव्हॉल्व्हर दाखवून जे जमलं नसतं, ते जमा करून जमलं.

निकालानंतर ते परत मिळालं, आणि आता ते लोखंडी कपाटात असतं, काडतुसं वेगळ्या डब्यात आणि दोन्ही किल्ल्या वहिनींच्या कमरेला. लग्नात हवेत गोळी झाडली तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हे रिसालदारांनी त्यांनाच आधी वाचून दाखवलंय. तेव्हा येत्या सिझनला तुमच्याकडे कार्य असेल आणि भाऊंना पत्रिका गेली असेल, तर निर्धास्त असा. सदरा वर सरकला की पाऊच दिसेल. त्यात तंबाखूची डबी असते.