गाईडची सही

जनुकं, परिस्थिती आणि मानसिक आरोग्य या त्रिकुटावर पीएचडी करायची असेल, तर घरातल्या मावश्यांशी स्पर्धा आहे हे आधी ध्यानात घ्यावं. स्थळ बघताना मुलाचा काका मधूनच घरातून निघून जायचा का, याची कुजबुजत चौकशी करणाऱ्या या मंडळींना ना नमुना लागतो, ना ग्रँट. ‘घराण्यातच आहे’ हा निष्कर्ष चहा यायच्या आत तयार.

शास्त्रज्ञांनी काही वर्षं हाच कित्ता गिरवला, फक्त जास्त खर्चात. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाठपुरावा चालू होता. त्यावरून २००३ साली अवशालोम कास्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की, सेरोटोनिनची ने-आण करणाऱ्या जनुकाचा आखूड प्रकार असलेली माणसं आयुष्यातल्या धक्क्यांनी नैराश्याकडे जास्त झुकतात. एक जनुक, एक सुटसुटीत गोष्ट आणि विषयासाठी वणवण करणारे जगभरचे पीएचडीवाले! या आखूड जनुकावर किती लांबलचक प्रबंध बांधले गेले, ते मोजत न बसलेलं बरं.

२००९ साली नील रिश आणि मंडळींनी ‘जामा’त चौदा अभ्यासांचा हिशेब एकत्र मांडला. जनुकाचा परिणाम एकट्याने दिसेना, तणावाच्या जोडीनेही दिसेना. तणावाचा मात्र ठसठशीत दिसला. पुढे २०१९ साली नैराश्याच्या खात्यावर टाकलेली अठरा लाडकी जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर घासून पाहिली, तर ती इतर कुठल्याही जनुकांपेक्षा सरस निघाली नाहीत. आता मानतात की हजारो जनुकीय फरक असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यांची बेरीज करून माणसाला गुण देतात. पण नमुने बहुतेक युरोपीय वंशाचे असल्यामुळे ते गुण भारतीयांना लावले की अंदाज ढेपाळतो. आपल्या पोरांना विषय उरला, एवढाच त्यातला दिलासा.

राहिली परिस्थिती. ती मोजायला प्रयोगशाळेबाहेर पडायचीही गरज नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी झाली, २०१७ साली ती छापून आली. साधारण तिघांतल्या एकाला मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका दिसला. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी कोणत्या? कामाचा बोजा, कामावर स्वतःचा ताबा नसणं, घर आणि काम यांची ओढाताण, आणि गाईडची वागण्याची तऱ्हा. यातली एकही गोष्ट गुणसूत्रावर सापडत नाही. सगळ्या खात्याच्या नोटीस बोर्डावर सापडतात.

आपल्याकडे या यादीत आणखी एक ओळ वाढते. केंद्राची जेआरएफ ही फेलोशिप २०२३ साली कागदावर महिना ३७,००० रुपये झाली. खात्यात कधी जमा होईल, हा मात्र संभाव्यताशास्त्राचा विषय. राज्याच्या फेलोशिपसाठी पोरांनी उपोषणाला बसायचं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विचारायचं की पीएचडी करून काय दिवे लावणार? दिव्यांचं नंतर बघू. आधी खोलीचं वीजबिल भरायचंय. तणावाची प्रश्नावली तयार करणाऱ्यांनी हा प्रसंग ‘जीवनातील धक्कादायक घटना’ या सदराखाली घ्यायला हरकत नाही.

गंमत एथिक्स कमिटीची आहे. कुणा अनोळखी माणसाला ‘गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?’ एवढंच विचारायचं असलं, तरी संमतीपत्र लागतं, ते मराठीत लागतं, आणि अभ्यासातून कधीही बाहेर पडायची मुभा आहे हे त्यात लिहावं लागतं. विचारणाऱ्याला सहा महिने बिनपैशाचं राबवायला कुठल्याच कमिटीची परवानगी लागत नाही. त्याच्या बाहेर पडण्याच्या मुभेबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून एका विद्यार्थ्याला सुचवलं, ‘दुसऱ्यांची परिस्थिती काय मोजतोस? स्वतःच्याच प्रयोगशाळेची मोज. नमुना आयता आहे, प्रवासखर्च नाही.’ विषय त्याला पसंत पडला. सिनॉप्सिसही डोक्यात तयार झाला. मग म्हणाला, ‘पण त्यावर सही सरांचीच लागते.’